इंजिनचे अकरा तास

माझी चार लॉगबुकं आहेत. नागपूरजवळ वाडीच्या घरात लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ती असतात, रेशनकार्ड आणि बायकोच्या ऑपरेशनच्या फायलीशेजारी. पायलटचं लॉगबुक म्हणजे आडवी, लांबट वही. एका ओळीत एक उड्डाण. तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, किती वेळ, आणि विमान कुणाच्या ताब्यात होतं. एकट्यानं उडवलं असेल तर त्या रकान्यात ‘सेल्फ’ लिहायचं. महिना संपला की बेरीज मारायची आणि खाली उजव्या चौकटीत इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची.

पहिल्या लॉगबुकात ती सही हिरव्या शाईत आहे. पुढच्या तीन वह्यांत फवारणीची उड्डाणं आहेत, कापसावर औषध मारत डोक्याइतक्या उंचीवरून घातलेल्या फेऱ्या, मग सर्व्हेची, मग शेवटी दोन-चार वर्षं पोरांना शिकवल्याची. त्या तीन वह्या मी क्वचित उघडतो. हिरव्या सहीची मात्र दरवर्षी मे महिन्यात काढून पाहत आलो, कारण मे महिन्यात मी ती सही करणाऱ्या सरांकडे आंब्याची पेटी घेऊन जायचो आणि जाण्याआधी ती सही पाहायची अशी सवयच पडली होती.

मी देवगडकडचा. मॅट्रिक झालो आणि शाळा सुटली. पुढे शिकवावं असं घरात कुणाच्या डोक्यातही नव्हतं, माझ्याही नाही. मामा इथं वाडीत, अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामात होता, त्यानं बोलावून घेतलं. गोदामाच्या मागे शेतं, आणि शेतांपलीकडे एका ट्रस्टची छोटी उड्डाणशाळा होती. मुरमाची धावपट्टी, पत्र्याचं हँगर, दोन विमानं. आता तिथे सगळी गोदामंच आहेत, ट्रक उभे असतात. त्या शाळेला रजिस्टर लिहायला माणूस हवा होता. मामानं मला नेऊन उभं केलं. सरांनी माझ्याकडून अर्धं पान लिहून घेतलं.

“अक्षर छान आहे. बाकी काही येतं का?”

“नाही सर.”

“बरं झालं. इथं बाकीच्यांना सगळं येतं.”

मग वर्षभरानं त्यांनी मला स्वतःहून विमानात बसवलं. रजिस्टर लिहायचं आणि त्या बदल्यात शिकायचं, असा ठराव. त्या काळी मॅट्रिकवर लायसन मिळायचं. पुस्तकं सगळी इंग्रजीत, मला धड वाचता येत नसत. सर जेवणाच्या सुट्टीत पोळीचा तुकडा विमानाच्या पंखासारखा तिरका धरून मला मराठीत समजावून सांगायचे, हवा वरून कशी जाते आणि खालून कशी. तो पोळीचा तुकडा मी आयुष्यभर विसरलो नाही. आईवडिलांनंतर मी कुणाच्या पाया मनापासून पडलो असेन तर त्यांच्या.

एक मात्र सांगायला हवं. मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती की एक दिवस कुणीतरी येईल आणि विचारेल, हा इथं कसा काय? बाकीची मुलं कॉलेजातली, घरची बरी. मी गोदामातून आलेला. त्यामुळे मी कधी काही विचारत नसे. सांगितलेलं करायचं आणि नजरेत यायचं नाही. नजरेत आलो तर घरी पाठवतील असं वाटायचं, आणि घर दीड दिवसाच्या अंतरावर होतं.

माझ्या अक्षरामुळे एक रिवाजच पडला. महिनाअखेर सगळे आपापली लॉगबुकं माझ्या टेबलावर टाकायचे. शाळेच्या रजिस्टरवरून मी प्रत्येकाची उड्डाणं उतरवून द्यायचो, बेरीज मारायचो, आणि गठ्ठा सरांकडे सहीला न्यायचो. त्या दोन-तीन वर्षांत शिकलेल्या कुणाचंही लॉगबुक उघडा, आत माझंच अक्षर.

तर या वर्षी सर एक्क्याऐंशीचे होणार. त्यांच्या मुलीनं सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला. ती हुडकेश्वरला राहते, सर तिच्याकडेच असतात. तिचा फोन आला.

“काका, बाबांना एक अल्बम द्यायचाय. त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या लॉगबुकाचं एक पान, बाबांची सही असलेलं. तुमच्याशिवाय हे कोण जमवणार?”

मला फार आनंद झाला. आठ दिवस फोन करत होतो. कुणी फोटो काढून पाठवला, कुणाच्या मुलानं पाठवला. एकच पान राहिलं होतं, माझ्या मित्राचं. तो म्हणाला, “फोटो-बिटो नाही जमत गा मले. तूच ये ना घरी.”

मित्र म्हणजे त्या वेळी माझ्याबरोबर शिकणारा. अस्सल नागपूरकर, महालातलं जुनं घराणं, वडील ट्रस्टच्या कमिटीवर. तो पुढे एअरलाइनमध्ये गेला, कॅप्टन झाला, आता बेसाला बंगल्यात राहतो. तिथे काय झालं ते सांगण्याआधी, तो गेला आणि मी राहिलो ते कसं, हे सांगतो.

एअरलाइनची भरती निघाली होती. अडीचशे तासांचं उड्डाण हवं, ही अट. फॉर्मसोबत लॉगबुक दाखवायचं. माझे दोनशे बेचाळीस भरत होते. मित्राचे दोनशे एकोणचाळीस. मुदतीला जेमतेम दहा दिवस उरले होते. एक विमान आधीच पुढचं चाक मोडून बसलेलं. दुसऱ्याचं इंजिन ओव्हरहॉल होऊन नुकतंच परत बसवलं होतं. अशा इंजिनाच्या आतल्या नव्या रिंगा नीट बसाव्यात म्हणून आधी काही तास ते हवेत एकसारखं पळवावं लागतं. तीव्र वळणं नाहीत, कसरती नाहीत, धावपट्टी दिसेल एवढ्या अंतरात एका उंचीवर गोल गोल फिरत राहायचं. कंटाळ्याचं काम.

सरांनी ते मला दिलं. चार दिवसांत सहा उड्डाणं, अकरा तास. मी मनात बेरीज केली होती, बेचाळीस आणि अकरा, त्रेपन्न. पहिल्या संध्याकाळी रजिस्टर उघडलं, तर सर म्हणाले, “हे लिहू नकोस. हे शाळेचे तास, इंजिनचे. पायलटच्या नावावर धरत नाहीत. तुझ्या लॉगबुकातही घालू नको, तपासणीत अडकशील. याचं मी बघतो.”

मी बरं म्हणालो.

तिसऱ्या दिवशी गोदामांमागच्या उकिरड्यावरून एक घार वर आली आणि डाव्या पंखाच्या टोकाला आदळली. विमान झटका खाऊन डावीकडे झुकलं. मी घामाघूम होऊन उतरलो. पत्र्याला हाताच्या पंजाएवढा खळगा. सर स्वतः धावत आले होते, त्यांनी मला पाणी दिलं, खळग्यावर हात फिरवला आणि म्हणाले, “विमान आणलंस ना परत? मग झालं.”

इंजिन रुळल्यावर विमान तपासणीला गेलं ते मुदत संपेपर्यंत बाहेर आलं नाही. माझे दोनशे बेचाळीसच राहिले. मित्राचा फॉर्म गेला. त्याचे तास कसे भरले हे मी विचारलं नाही. शहरात कुठेतरी वडिलांच्या ओळखीनं उडाला असेल, असं धरून चाललो. त्या महिन्यात त्यानं लॉगबुक माझ्या टेबलावर टाकलं नव्हतं, हेही तेव्हा ध्यानात आलं नाही.

सर म्हणाले होते, “पुढच्या भरतीला तू.” पुढची भरती निघाली तेव्हा बारावी सायन्सची अट आली होती. मी फवारणीला गेलो.

लायसन दरम्यान मिळालं होतं, पुढे अक्कल आली, आणि कळलं की इंजिनचे वेगळे तास असं काही नसतं. ज्यानं उडवलं त्याचे ते तास. पण मी मनाशीच सरांची बाजू घेतली. काहीतरी विम्याची भानगड असेल. मला जपण्यासाठीच केलं असेल. दर मे महिन्यात पेटी नेत राहिलो.

आता बेसा.

मित्र फाटकातच उभा होता. “ये गा कोकण्या. किती वर्षानं दिसलं तुले घर?”

“तू बोलावतोस कुठे?”

“तुले बोलवा लागते का? तू काय व्याही आहे माझा?”

वहिनींनी ताक आणलं. तो लॉगबुक घेऊन बसला. पहिली पानं उलटली, सगळी माझ्या अक्षरात. “पाहा वं,” तो बायकोला म्हणाला, “हे सगळं यानं लिहिलं. आमच्यात अक्षर यालेच होतं, बाकी आम्ही कोंबड्या.”

“कोणतं पान देतोस?” मी विचारलं.

“हे घे. हे पान मस्त आहे. सरच्या हातचं आहे पूर्ण, आणि आपला किस्साबी आहे याच्यात.”

पान माझ्यासमोर आलं. बाकी वहीत माझं निळं अक्षर, आणि हे एकच पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हिरवं. सहा उड्डाणं, चार दिवस. विमान तेच. पायलटच्या रकान्यात सहा वेळा ‘सेल्फ’. चौथ्या ओळीपुढे शेऱ्यात लिहिलं होतं, पक्षी आदळला, डाव्या पंखाचं टोक. खाली बेरीज, दोनशे पन्नास. सही.

“सांगा ना भाऊजींना तो घारीचा किस्सा,” वहिनी म्हणाल्या. “दर लग्नात सांगतात हे. लहान पोरांना तर पाठ झालाय.”

“त्याले काय सांगू, तो होता ना तिथंच,” मित्र म्हणाला. पण सुरू झाला. “मी मस्त चाललो होतो लेव्हल. अशी खालून आली पाहा, थेट उकिरड्यावरून. धाड. मले वाटलं पंखच गेला. सर धावत आले. पाणी देलं मले...”

माझ्याकडे पाहून तो थांबला. मी काय चेहरा केला होता, मला माहीत नाही.

“काहून असा पाहून राहिला?”

“काही नाही. पुढे सांग.”

“पुढे काय. खळगा पडला एवढा. झालं.”

“एवढ्यात संपला आज?” वहिनी म्हणाल्या. “रोज तर तासभर पुरवता.”

मी मोबाइलनं पानाचा फोटो काढला. ताक संपवलं, कारण न संपवता उठलो असतो तर वहिनींनी कारण विचारलं असतं. मित्र फाटकापर्यंत आला. स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला.

“सरनंच भरलं होतं ते, कोकण्या. बाबांनी सांगतलं आणि सरनं भरलं. मी फक्त वही देली.”

“आणि घार?”

त्यानं हँडलवरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, “इतक्या वेळा सांगतली गा, की मलेच आठवते आता ती.”

त्याच्यावर मला राग आला नाही असं नाही. पण त्याच्याकडून माझी फारशी अपेक्षाच नव्हती कधी. घरी येऊन मी पहिलं लॉगबुक काढलं. तो महिना. पाच ओळी, मग बेरीज, मग नऊ ओळी कोऱ्या, आणि खाली हिरवी सही. म्हणजे त्या महिन्याअखेर सरांनी माझं ते पान समोर घेतलं होतं, कोऱ्या ओळी पाहिल्या होत्या, आणि सही केली होती. त्याच पेनानं. दर मे महिन्यात मी जी वही उघडून नमस्कार करत होतो, तीच ही.

रात्रभर नव्हे, पण दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायको काटोलची, तिनं शेवटी विचारलं, “काय होऊन राहिलं तुम्हाले?” मी फोटो आणि वही शेजारी शेजारी ठेवून दाखवली. तिला लॉगबुकातलं फारसं कळत नाही, पण कोऱ्या ओळी कळल्या.

“मग विचारा ना त्यांना.”

“एक्क्याऐंशीला आलेत. आता काय विचारायचं?”

“काहून? मेल्यावर विचारान?”

मला खरं तर एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा म्हणावं, ते तास तुझे होते. आणि भीती अशी की त्यांना आठवणारच नाही, किंवा आठवत नाही असं म्हणतील. ते तसं म्हणाले असते तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं, कारण रजिस्टरात तर त्या उड्डाणांचं माझ्याच हातून एक अक्षर लिहिलं गेलेलं नव्हतं.

गावाहून पेटी आलीच होती. स्कूटरवर पायाशी ती ठेवली, वही पिशवीत घेतली, आणि सकाळी हुडकेश्वरला गेलो. पेटी खाली स्कूटरवरच राहू दिली. आधी बोलावं, मग आणावी, असं ठरवलं होतं.

सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. शरीर बारीक झालंय, पण डोकं लख्ख. डोळे मात्र गेलेत. समोरचा माणूस सावलीसारखा दिसतो, म्हणाले, अक्षर अजिबात नाही.

“अल्बमची पानं आणलीस? वाच बरं. मला दिसत नाही, ऐकू तर दे.”

मुलगी चहा ठेवायला आत गेली. मी मोबाइल काढला आणि मित्राचं पान वाचायला लागलो. तारीख. विमान. वाडी ते वाडी, स्थानिक. एक तास पन्नास. सेल्फ. दुसरी ओळ. तिसरी ओळ. माझा आवाज मलाच रजिस्टर वाचल्यासारखा वाटत होता. चौथी ओळ वाचून मी शेरा वाचला.

सर म्हणाले, “थांब. हे तर तू उडवलेले.”

मी थांबलो.

“घार तुझ्या पंखाला लागली होती. उतरलास तेव्हा पाय लटलटत होते तुझे. मी पाणी दिलं.” ते जरा हसले. “हे पान त्यानं दिलं का अल्बमला? कमाल आहे.”

दोन दिवस ज्या वाक्यासाठी मी झुरत होतो, ते त्यांनी चहाची वाट बघता बघता म्हणून टाकलं. त्यांना सगळं आठवत होतं. इतकी वर्षं मी समोर बसून आंबे कापून देत होतो, आणि त्यांना सगळं आठवत होतं.

“मग असं का केलंत, सर?”

“अरे, शाळेकडून एकाचाच फॉर्म शिफारशीनं जाणार होता. त्याचे वडील कमिटीवर. त्यांनी सांगितलं, मुलाचे भरून द्या. इंजिनच्या वहीत अकरा तास चढले म्हणजे कुणीतरी पायलट दाखवावाच लागतो. तुझं नाव घातलं असतं तर तुझे अडीचशे भरले असते. मग त्याचा फॉर्म कसा पाठवणार?”

“मला सांगायचं तरी.”

“सांगून काय केलं असतंस? आणि तू विचारणार नाहीस, हे मला माहीत होतं.”

हे ते कडवटपणे म्हणाले नाहीत. कौतुकानं म्हणाले, जसं माझ्या अक्षराचं कौतुक करायचे. पुढे आणखी हसून म्हणाले, “शिवाय तू गेला असतास तर माझं रजिस्टर कोणी लिहिलं असतं?”

मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. मला तो पोळीचा तुकडा आठवला. त्या हातानं मला उडायला शिकवलं हे खरं होतं, आणि तो तुकडा धरून समजावताना त्यांनी माझ्याबद्दल काय ओळखलं होतं, हेही आता कळत होतं. इतक्या मुलांतून ते काम मलाच का दिलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी चांगला उडवतो म्हणून दिलं, असं मी समजत होतो.

सर खुर्चीत जरा पुढे झाले. म्हणाले, “तुझं लॉगबुक आणलंयस का? आण. त्या महिन्यात जागा असेल तर लिहून काढ सहा ओळी. मी सही करतो. हात धरून चौकट दाखव फक्त. पेन दे.”

माझ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं होती, नेहमीसारखी. वही मांडीवर होती. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून. आयुष्यभर त्यांनी मागितलेलं मी त्या हातात ठेवत आलो.

“पेन नाहीये, सर,” मी म्हणालो.

त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. त्यांना खिसा दिसत नव्हता. त्यांनी हात मागे घेतला आणि आत मुलीला हाक मारली, “अगं, पेन आण गं.” मी उठलो. गॅसवर चहा असेल, राहू दे, मला निघायचंय, असं काहीतरी बोललो. पाया पडायला वाकलो नाही. वाकायचं नाही असं ठरवलं नव्हतं, फक्त जिन्यावर आल्यावर लक्षात आलं, आणि मग परत वर जावं की काय, असा मी खरोखर पायरीवर उभा राहून विचार केला. खालीच उतरलो.

घरी आलो तेव्हा पेटी स्कूटरवर तशीच होती. बायकोनं पाहिली.

“देली नाही?”

“राहिली.”

पेटी आत नेऊन तिनं गवतात आंबे पुन्हा नीट लावले.

अल्बमसाठी माझं पान द्यायचं होतं. माझ्या पहिल्या सोलोचं, पहिल्यांदा एकट्यानं उडवलं त्या दिवसाचं दिलं. तिथे सरांनी सहीशेजारी एक शब्द लिहिलाय, ‘उत्तम’. तो त्यांनी खरा लिहिला होता, असं मी अजून धरून आहे. मित्राचं पानही जसंच्या तसं पाठवलं, हिरवंगार. मुलीला वाटलं असेल, किती सुंदर. कार्यक्रमाला गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणून कळवलं, आणि संध्याकाळपर्यंत तिला वाईट वाटलं असेल याची मला चुटपुट लागून राहिली. ही सवय काही सुटत नाही.

त्याच दुपारी मी पहिलं लॉगबुक घेऊन बसलो. त्या नऊ कोऱ्या ओळींपैकी सहा निळ्या शाईत भरल्या. तारखा फोटोवरून उतरवल्या. अक्षर पूर्वीसारखं नाही, जरा थरथरतं. चौथ्या ओळीपुढे घार लिहिली. पायलटच्या रकान्यात सहा वेळा सेल्फ. जुनी बेरीज तशीच ठेवली, या सहा ओळींखाली नवी मांडली, दोनशे त्रेपन्न. तिच्याखाली सहीसाठी नवी चौकट आखली आणि ती मोकळी सोडली.

आंबे तोवर पिकले होते. बायको दोन कापून घेऊन आली. इतक्या वर्षांत त्या पेटीतला आंबा आम्ही घरी पहिल्यांदा खाल्ला. ती म्हणाली, “गोड आहे का तुमच्या गावचा?” मी म्हणालो, गोड आहे. तिनं दुसरी फोड माझ्या बशीत टाकली, आणि वहीवर रस सांडेल म्हणून ती उचलून कपाटात नेऊन ठेवली.